काश्मीरच्या थंडीत ट्रक सुरू होऊन बंद पडतो, ब्रेक धरून राहतात: कारणे आणि उपाय

नाशिक जिल्ह्यातून कांदा किंवा द्राक्षे भरून जम्मू-श्रीनगरकडे जाणाऱ्या आणि परतीला सफरचंद घेऊन वाशीच्या बाजारात येणाऱ्या गाड्यांबाबत दर हिवाळ्यात एकच तक्रार कानावर येते. उधमपूरपर्यंत गाडी उत्तम चालते. श्रीनगरच्या अलीकडच्या काझीगुंडच्या रांगेत किंवा श्रीनगरबाहेर रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ मारताच सुरू होते, दोन-तीन मिनिटे चालते, रेस घेईनाशी होते आणि बंद पडते. कशीबशी पुन्हा सुरू झाली, तर हँडब्रेक सोडूनही एखादे चाक धरून राहते किंवा हवेचे प्रेशर भरायला नेहमीपेक्षा फार वेळ लागतो. मग मेकॅनिक येतो, डिझेल फिल्टर बदलला जातो, तोवर ऊन पडलेले असते, गाडी निघते आणि फिल्टरचाच दोष होता असे सगळे धरून चालतात. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच घडते.

बहुतेक वेळा अशा गाडीचे इंजिन ठणठणीत असते. ती सपाटीवरचे डिझेल टाकीत, साधे पाणी रेडिएटरमध्ये आणि पावसाळ्यातली ओल हवेच्या टाक्यांमध्ये घेऊन शून्याखालच्या तापमानात गेलेली असते. त्यामुळे खरा उपाय सकाळी बॉनेट उघडून करण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी, आणि त्याचा मोठा भाग निघण्यापूर्वी आपल्या यार्डातच करावा लागतो. तरीही गाडी बंद पडल्यावर काय करावे हे आधी सांगणे योग्य ठरेल, कारण हा मजकूर शोधणारा माणूस बहुधा रस्त्यावर उभा असतो.

दोष कोणता, हे सेल्फच्या आवाजावरून ओळखा

सेल्फ जड, ओढल्यासारखा फिरत असेल तर प्रश्न बॅटरीचा किंवा थंडीने घट्ट झालेल्या इंजिन ऑइलचा आहे. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, किंवा पकडून थोड्या वेळाने मरते, तर डिझेल पोहोचत नाही असे समजावे. सुरुवातीची ती दोन-तीन मिनिटे फसवी असतात. इंजिनाजवळच्या पाइपात जे पातळ डिझेल शिल्लक असते त्यावर गाडी चालते आणि टाकीतले नवे डिझेल फिल्टरपाशी येऊन अडले की बंद पडते.

खात्री करण्यासाठी पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरच्या तळाची चावी सैल करून थोडे डिझेल पारदर्शक बाटलीत घ्यावे. चांगले डिझेल काचेसारखे स्वच्छ दिसते. थिजू लागलेले डिझेल ताकासारखे गढूळ दिसते, आणि बाटली दोन्ही तळहातांत धरून किंवा जॅकेटच्या आत ठेवून थोडा वेळ ऊब दिली की ते पुन्हा नितळ होते. ऊब देऊनही तळाशी वेगळा थर किंवा थेंब राहिले तर ते पाणी आहे, आणि मग अडथळा बर्फाचा असण्याची शक्यता जास्त. चावी उघडूनही थेंब पडत नसेल तर तळाशी बर्फ साचला आहे किंवा डिझेल पूर्ण थिजले आहे. ही तपासणी काही मिनिटांची आहे. ती न करता फिल्टर बदलणे म्हणजे गढूळ डिझेल नव्या फिल्टरमधून गाळायला सुरुवात करणे होय.

डिझेल का थिजते, आणि आपल्याच गाडीत का

डिझेलमध्ये मेणासारखा घटक नैसर्गिकपणेच असतो. डिसेंबरच्या सकाळी खोबरेल तेल जसे बाटलीत पांढरे पडते तसेच याचे होते. फरक इतकाच की डिझेल गोठण्याच्या कितीतरी आधी त्यातले मेणाचे बारीक कण फिल्टरच्या कागदावर बसतात आणि वाट बंद करतात. म्हणूनच टाकीत डिझेल हलताना दिसले तरी ते ठीक आहे असा अर्थ निघत नाही.

भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १४६० या मानकात डिझेल थंडीत कोणत्या तापमानापर्यंत फिल्टरमधून जायला हवे याची मर्यादा दिलेली आहे. हिवाळ्यासाठी, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, ती ६ अंश सेल्सिअस आहे आणि उरलेल्या महिन्यांसाठी १८ अंश. आता श्रीनगरचा विचार करावा. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा ‘चिल्ले कलां’ सुरू होतो, त्या काळात तिथली रात्र सर्रास शून्याच्या खाली जाते आणि दल सरोवराच्या कडा गोठतात. म्हणजे नियमात पूर्णपणे बसणारे, कोणतीही भेसळ नसलेले डिझेलही तिथे फिल्टरमध्ये अडकू शकते. पंपवाल्याला दोष देण्याआधी हे लक्षात घ्यावे. ऑक्टोबरची अखेर आणि मार्चचा पहिला पंधरवडा हे दिवस तर अधिकच अडचणीचे, कारण तेव्हा टाकीत उन्हाळी प्रतीचे डिझेल असते आणि काश्मीर-लडाखमधल्या झोजिला खिंडीपलीकडे हिवाळा असतो. माझ्या मते तक्रारींचा मोठा वाटा याच दोन टोकांना येतो, आणि ‘अजून कुठे थंडी पडली आहे’ या समजुतीने गाड्या निघतात.

त्यात आपल्या गाड्यांची एक सवय भर घालते. तीनशे-चारशे लिटरच्या टाक्या जिथे डिझेल स्वस्त तिथे काठोकाठ भरून घेतल्या जातात आणि मैदानी प्रदेशातले ते डिझेल थेट खोऱ्यात पोहोचते. त्याऐवजी जम्मूला पोहोचेपर्यंत टाकी बरीच रिकामी होईल असा हिशेब ठेवावा आणि पुढचे डिझेल जम्मूला किंवा खोऱ्यातल्या चालत्या, गर्दीच्या पंपावर भरावे. लडाखकडे जाणार असाल तर इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथल्यासाठी आणलेले हिवाळी डिझेल उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहते. ते जिथे मिळते तिथे टाकीत शक्य तितके कमी जुने डिझेल असताना भरावे, कारण दोन्ही मिसळले की त्याचा गुण उतरतो.

आता बंद पडलेल्या गाडीबद्दल. फिल्टर आणि त्याच्या आधीचा पाइप यांना हळूहळू ऊब द्यावी. जाड फडके गरम पाण्यात भिजवून पिळून फिल्टरभोवती गुंडाळावे, निवले की पुन्हा गुंडाळावे. उकळते पाणी थेट ओतू नये. फिल्टरच्या तळाची वाटी बऱ्याच गाड्यांत प्लास्टिकची असते, ती अशा वेळी तडकते, आणि सेन्सरच्या जोडात शिरलेले पाणी पुढे वेगळाच दोष दाखवत राहते. ऊब दिल्यावर हँड प्रायमर (हाताने डिझेल ओढायचा छोटा पंप) घट्ट होईपर्यंत मारावा, मगच सेल्फ द्यावा, तोही एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त नाही, आणि मध्ये सेल्फला विश्रांती द्यावी. नव्या कॉमन रेल इंजिनांत (सगळ्या नोझलना एकाच उच्च दाबाच्या पाइपातून डिझेल मिळते अशा) हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचेच असते. डिझेल न येता सेल्फ मारत राहिल्यास तो पंप झिजतो आणि त्याचा खर्च भाड्याच्या कमाईहून मोठा होऊ शकतो.

नोझलचा नट सैल करून एअर काढण्याची जुनी पद्धत कॉमन रेल गाडीत कोणीही वापरू नये. त्या पाइपात दीड हजार बारच्या वर दाब असू शकतो आणि सुईएवढ्या फटीतून निघालेली धार कातडीच्या आत शिरते. एअर काढायची ती प्रायमरने आणि फिल्टरवरच्या स्क्रूने.

टाकीखाली शेकोटी पेटवण्याबाबतही स्पष्ट बोलले पाहिजे, कारण ती पद्धत उत्तरेत आजही दिसते आणि आपले चालक ती पाहून शिकतात. टाकीशेजारूनच हवेचे नायलॉन पाइप आणि वायरिंग जाते. गाडी जळाली नाही तरी उतारावर ब्रेकचा वितळलेला पाइप फुटू शकतो, आणि त्याचा संबंध सकाळच्या शेकोटीशी कोणी जोडत नाही. डिझेलमध्ये केरोसीन मिसळण्याचा सल्लाही बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीत स्वीकारू नये. पंप आणि इंजेक्टरला लागणारे वंगण त्याने कमी होते आणि त्यातल्या जास्त गंधकामुळे सायलेन्सरमधली धूरशुद्धीची यंत्रणा खराब होते. पेट्रोल मिसळणे तर थेट आगीला आमंत्रण आहे. मिसळायचेच असेल तर गाडीच्या कंपनीने मान्य केलेले थंडीरोधक द्रव्य डिझेल अजून नितळ असताना, म्हणजे थंडीच्या भागात शिरण्यापूर्वी टाकावे. एकदा मेण धरल्यावर टाकून त्याचा फारसा उपयोग होत नाही.

रात्री गाडी उभी करताना टाकी शक्यतो अर्ध्याच्या वर ठेवावी. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचे रात्री पाणी होते आणि ते तळाशी जाऊन बसते. इंजिनातून परत येणारे गरम डिझेल चालत्या गाडीची टाकी उबदार ठेवते, म्हणून प्रवासात त्रास होत नाही आणि थांबल्यावर होतो. संध्याकाळी गाडी थांबवताच, ती गरम असतानाच, फिल्टरच्या तळाचे पाणी काढून टाकणे हे पाच मिनिटांचे काम पुढच्या सकाळचे चार तास वाचवते.

ब्रेक धरून राहणे: हवेतले पाणी

कंप्रेसर बाहेरची हवा दाबून टाक्यांत भरतो तेव्हा त्या हवेतली वाफही आत जाते. ती शोषण्यासाठी एअर ड्रायर असतो आणि त्यातली काडतूस (ओल शोषणारा बदलता भाग) ठरावीक काळाने बदलावी लागते. महाराष्ट्रात ती संपली तरी कळत नाही. पावसाळाभर कोकणात आणि घाटात चाललेल्या गाडीचा ड्रायर ओलाव्याने भरून गेलेला असतो, पाणी टाक्यांत साचते, पण आपल्याकडे ते गोठत नसल्याने ब्रेक लागत राहतात. तीच गाडी डिसेंबरात बनिहालच्या पलीकडे गेली की व्हॉल्व्हमधला थेंब गोठतो आणि मागच्या चाकांचा ब्रेक उशिरा लागतो, उशिरा सुटतो किंवा सुटतच नाही. बिघाडांपैकी हा मला सर्वांत गंभीर वाटतो. डिझेल थिजले तर गाडी उभी राहते, ब्रेक गोठला तर ती उतारावर असू शकते.

त्यामुळे उत्तरेच्या हिवाळी फेरीपूर्वी ड्रायरची काडतूस बदलावी आणि ड्रायरमध्ये हीटर असेल तर त्याला करंट येतो का ते तपासावे. हवेच्या प्रत्येक टाकीखाली ओढायची कडी किंवा चावी असते. रोज मुक्कामी पोहोचल्यावर ती दाबून पाणी काढावे. एकच टाकी रिकामी करून काम झाले असे समजू नये, सगळ्या कराव्यात. मात्र हवा उतरली की हँडब्रेक आपोआप पकडतो, म्हणून हे काम सपाट जागी, चाकांना लाकडी ठोकळे लावून करावे आणि नंतर प्रेशर पुन्हा भरून घ्यावे. बाहेर येणारे पाणी दुधाळ किंवा तेलकट असेल तर कंप्रेसर तेल फेकत आहे; तेलाने माखलेली काडतूस नवी असली तरी पाणी शोषत नाही, त्यामुळे आधी कंप्रेसर दुरुस्त करावा लागेल.

प्रेशर पूर्ण भरल्यावर ड्रायरमधून ‘फुस्स’ असा आवाज येतो, त्यातून तो पाणी बाहेर टाकत असतो. थंडीत हा आवाज बंद झाला तर तोंडाशी बर्फ धरला आहे असे समजून ड्रायरला कोमट फडक्याने शेकावे. हवेच्या पाइपात स्पिरिट ओतण्याचा उपाय ढाब्याढाब्यावर सांगितला जातो. ज्या गाडीत त्यासाठीची वेगळी सोय कंपनीनेच दिलेली नाही, तिथे ते रबरी सील आणि ड्रायर दोन्ही बिघडवते. आज सुटलेला ब्रेक पुढच्या आठवड्यात गळू लागतो.

चाक धरून राहण्याचे दुसरे कारण ड्रमच्या आत असते. बर्फाच्या चिखलातून आलेल्या गाडीचे लायनर (ड्रमवर घासून चाक थांबवणारे पट्टे) ओले असतात आणि हँडब्रेक लावून उभी केली की रात्रीत लायनर ड्रमला चिकटतात. मुक्कामापूर्वी शेवटच्या अर्ध्या किलोमीटरवर, रस्ता मोकळा आणि कोरडा असेल तर, हलका ब्रेक धरून गाडी चालवावी म्हणजे लायनर वाळतात. जागा अगदी सपाट असेल तर गिअरमध्ये ठेवून, पुढून-मागून ठोकळे लावून हँडब्रेक न ओढता गाडी उभी करता येते. थोडाही उतार असेल तर मात्र हे करू नये.

सकाळी निघताना प्रत्येक चाकाच्या टायरवर बाहेरून खडूची एक उभी रेघ मारावी आणि क्लीनरने बाजूला, गाडीपासून अंतर राखून उभे राहून, गाडी पहिल्या गिअरमध्ये दोन-तीन मीटर पुढे येताना सगळ्या रेघा फिरतात का ते पाहावे. कोरड्या रस्त्यावर अडकलेले चाक चालकाला जाणवते, परंतु बर्फावर ते न फिरता गुपचूप घसरत येते आणि केबिनमध्ये काही कळत नाही. रेघ फिरली नाही तर ओढाताण न करता गाडी अलगद पुढे-मागे करावी आणि तरी सुटले नाही तर ड्रम बाहेरून लाकडाने ठोकावा. गरम पाण्याने सोडवले तर लगेच निघून हलका ब्रेक धरत ते वाळवावे, नाहीतर तेच पाणी पुन्हा गोठते.

रेडिएटर, बॅटरी आणि युरिया

रेडिएटरमध्ये कूलंट आणि पाणी अर्धे-अर्धे असेल तर मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. आपल्याकडे उन्हाळाभर वरून नळाचे पाणी टाकत गेल्याने अर्धे-अर्धे कधीच उरलेले नसते, म्हणून निघण्यापूर्वी गोठणबिंदू मोजण्याच्या उपकरणाने तपासून घ्यावे. जास्त ताकद म्हणून निव्वळ कूलंट भरणेही चूक, ते एकटे उणे १३ अंशांच्या आसपासच गोठते.

बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर काश्मीरच्या थंडीत गोठत नाही, उतरलेली मात्र उणे १० अंशांच्या आसपास गोठू शकते. फुगलेल्या किंवा आत बर्फ दिसणाऱ्या बॅटरीला दुसऱ्या गाडीवरून करंट देऊ नये, ती फुटते. सुरू होत नाही म्हणून हवेच्या तोंडात ईथरचा फवारा मारणेही टाळावे. ज्या इंजिनात हवा तापवणारा हीटर असतो तिथे त्याचा स्फोट होतो.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत धूर शुद्ध करण्यासाठी युरियाचे द्रावण वापरले जाते आणि ते उणे ११ अंशांना गोठते. यात काळजीचे कारण नाही, गाडी सुरू झाल्यावर इंजिनाच्या उष्णतेने ते वितळावे अशी सोय असते. गोठताना ते फुगते म्हणून टाकी काठोकाठ भरू नये. त्यात गरम पाणी ओतल्यास मात्र द्रावण पातळ होऊन डॅशबोर्डवर दोष येतो आणि गाडीची ताकद आपोआप उतरवली जाते.

गाडी सुरू झाली, आता बर्फावरून नेताना

निघण्याची घाई सकाळी सर्वांत जास्त असते आणि रस्ताही त्याच वेळी सर्वांत वाईट असतो. तापमान शून्याच्या आसपास येऊन बर्फावर पाण्याचा पातळ थर आला की टायरला पकड जवळजवळ उरत नाही. बर्फावर थांबायला कोरड्या रस्त्याच्या दहापटीपर्यंत अंतर लागू शकते, हे लक्षात ठेवून पुढच्या गाडीशी अंतर ठेवावे. सावलीतली वळणे, पूल आणि बोगद्यांची तोंडे या तीन जागी काळाशार दिसणारा ओला रस्ता प्रत्यक्षात बर्फ असू शकतो. बनिहाल-काझीगुंडचा साडेआठ किलोमीटरच्या सुमाराचा बोगदा आत कोरडा असतो, गाडी तिथे वेग घेते आणि खोऱ्याच्या बाजूला बाहेर पडताच रस्ता पूर्ण बदललेला असू शकतो, म्हणून वेग बोगद्यातच कमी करून बाहेर यावे.

उतार सुरू होण्यापूर्वी, सपाटीवरच, खालचा गिअर घ्यावा. न्यूट्रलवर गाडी सोडणे घाटात केव्हाही धोक्याचे आहे, बर्फावर तर ती थांबवण्याचा मार्गच उरत नाही. घसरड्या जागी एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाने वेग कमी करणारा) बंद ठेवावा, ही गोष्ट आपल्या घाटांत तयार झालेल्या चालकांना पटवून द्यावी लागते, कारण कसारा किंवा खंबाटकी उतरताना तोच त्यांचा भरवशाचा सोबती असतो. तो फक्त ओढणाऱ्या चाकांना अडवतो, बर्फावर ती चाके घसरू लागतात आणि गाडीचा मागचा भाग बाजूला फिरतो. एबीएस (ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी यंत्रणा) चालू असलेल्या गाडीत पॅडल एकसारखे दाबून ठेवावे, पंप करू नये.

साखळ्या ओढणाऱ्या चाकांवर लावाव्यात आणि त्या लावण्याचा सराव यार्डात, उजेडात, करून घ्यावा. झोजिलाच्या चढावर अंधारात, हात बधिर झालेले असताना त्या पहिल्यांदा उघडायच्या नसतात. साखळ्या लावल्यावर ताशी तीस-चाळीस किलोमीटरच्या वर जाऊ नये आणि थोडे अंतर गेल्यावर थांबून त्या पुन्हा ताणाव्यात. उचलता येणारा एक्सल असलेली रिकामी गाडी असेल तर तो वर ठेवावा, म्हणजे ओढणाऱ्या चाकांवर वजन राहते.

रस्ता बंद होऊन रांगेत रात्र काढावी लागली तर केबिनमध्ये कांगडी (काश्मिरी निखाऱ्यांचे भांडे) किंवा कोळशाची शेगडी पेटवून काचा बंद करून झोपू नये. कोळशाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. इंजिन चालू ठेवून झोपायचे असेल तर सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजले नाही ना, हे दोघांनी आळीपाळीने उतरून पाहावे आणि ज्या बाजूने वारा येत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवावी. गाडीत जाड गोधड्या, जादा डिझेल फिल्टर, पाणी तापवण्याचे भांडे, ठोकळे, फावडे आणि टायरखाली टाकायला वाळूच्या दोन गोण्या असल्याशिवाय मालकाने हिवाळ्यात ती जम्मूच्या पुढे पाठवू नये, आणि या वस्तू नसतील तर चालकाने त्या मागून घ्याव्यात.